केंटकीत शिक्षकांनी गव्हर्नर पाडला म्हणतात, ते खरं आहे का?

लांज्याचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी लांजा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे. नेमणूक २००८ ची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. हे आधीच सांगून टाकतो कारण प्रश्न त्यातूनच आलाय.

परवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एक सर म्हणाले की अमेरिकेत केंटकी म्हणून राज्य आहे, तिथल्या गव्हर्नरने शिक्षकांच्या पेन्शनला हात लावला आणि तो दुसऱ्या टर्मला उभा राहिला तेव्हा शिक्षकांनी त्याला पाडला, राज्य त्याच्याच पक्षाचं असून पाडला. लगेच दुसरे सर म्हणाले की ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट आहे, गव्हर्नर कधी निवडून येतो का, त्याला वरून नेमतात. तेवढ्यात पुढचं सत्र सुरू झालं आणि वाद तिथेच राहिला.

पण माझ्या डोक्यातून जाईना. मार्च २०२३ ला आम्ही सात दिवस संपावर होतो, पंचायत समितीसमोर उन्हात बसून एकच मिशन जुनी पेन्शन म्हणून घसा बसला होता, आणि शेवटी हातात काय आलं तर समिती. म्हणून मला हे नीट समजून घ्यायचंय. तिथला गव्हर्नर म्हणजे नक्की कोण, असं खरंच झालं का, झालं असेल तर ते शिक्षकांमुळेच झालं की आपण उगाच छाती फुगवून घेतोय, आणि मुख्य म्हणजे पाडल्यानंतर त्या शिक्षकांच्या पदरात काय पडलं? कोणाचं तिकडे कोणी असेल तर सांगा.

---

गुहागर_तलाठी_निवृत्त

गुरुजी, तुमच्या दुसऱ्या सरांची गफलत शब्दामुळे झालीय. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे राज्यपाल, त्याला राष्ट्रपती नेमतात (कलम १५५), आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर (कलम १५६). तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री धरा, फक्त आमदारांनी निवडलेला नाही तर लोकांनी थेट मत देऊन बसवलेला, आपल्याकडे सरपंच थेट निवडतात ना तसा. त्यामुळे बहुमत गेलं, आमदार फुटले, सरकार पडलं हा प्रकार तिथे नाही. चार वर्षं तो गव्हर्नर. फक्त न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांत टर्म दोन वर्षांची आहे.

आणि योगायोग बघा, तुम्ही विचारताय ती केंटकीची निवडणूक ५ नोव्हेंबर २०१९ ची. त्याच महिन्यात आपल्याकडे राज्यपाल म्हणजे काय ते घराघरात कळलं. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला पहाटेचा शपथविधी, २८ ला शिवाजी पार्क. आमच्याकडे तेव्हा क्यार वादळाच्या पावसाने कापलेलं भात शेतात भिजून मोड आलेलं होतं, पंचनामे चालू होते आणि पंचनाम्याला आलेल्या माणसालाच लोक विचारत होते की सरकार कोणाचं हो. ते दिवस मी विसरणार नाही. माझं स्वतःचं मत असं की मतदाराने ज्याला निवडलं तोच चार वर्षं खुर्चीवर दिसला पाहिजे, आवडो न आवडो.

बाकी केंटकीतलं आतलं मला माहीत नाही, माहीतगार सांगतील.

---

मालवणची_लुईव्हिलात

गुरुजी मी सांगतंय. मी मालवणची, बारा वर्षां झाली केंटकीत लुईव्हिल शहरात आसंय, मध्ये मध्ये मालवणी येतला, सांभाळून घ्या. गोष्ट खरी आहे. व्हॉट्सॲपवरची नाही. माझो झील तेव्हा दुसरीत होतो, म्हणून हे सगळं आमच्या घरातूनच गेलंय असं समजा.

गव्हर्नरचं नाव मॅट बेव्हिन, रिपब्लिकन. २०१५ ला चांगल्या नऊ टक्क्यांच्या फरकाने आला. २०१६ ला ट्रम्पनी हे राज्य ३० टक्क्यांच्या फरकाने घेतलं, म्हणजे किती पक्का बालेकिल्ला ते बघा. आता पेन्शनचं. इथल्या शिक्षकांना सोशल सिक्युरिटी मिळत नाही (इतर बहुतेक नोकरदारांना म्हातारपणी केंद्र सरकारकडून जी रक्कम येते ती), त्यांच्या पगारातून ती कापलीच जात नाही, त्यामुळे राज्याची पेन्शन हाच एक आधार. आणि त्या पेन्शन फंडात कित्येक वर्षं राज्याने पुरेसे पैसे भरले नव्हते, खड्डा मोठा होता, हे बेव्हिनचं म्हणणं खोटं नव्हतं, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. पण खड्डा शिक्षकांनी पाडलेला नव्हता.

मग मार्च २०१८ मध्ये काय झालं, तर विधिमंडळात सांडपाण्याचं एक ११ पानी बिल होतं. गटारं, सांडपाणी प्रक्रिया, तसलं. संध्याकाळी त्यातला मजकूर काढला आणि त्याच नंबरखाली २९१ पानांचं पेन्शनचं बिल घातलं आणि काही तासांत दोन्ही सभागृहांतून पास. लोकांना वाचायलाही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी इतक्या शिक्षकांनी आजारपणाची रजा टाकली की शाळाच बंद ठेवाव्या लागल्या. ती टीचर आमच्या झिलाची, एकदम शांत बाई, ती पण लाल टीशर्ट घालून फ्रँकफर्टला गेली. फ्रँकफर्ट म्हणजे राजधानी, आमच्यापासून रत्नागिरी ते चिपळूण इतकं अंतर. २ एप्रिलला तिथलं कॅपिटॉल, म्हणजे विधिमंडळाची इमारत, लाल टीशर्टांनी भरून गेलं होतं, आणि सगळीकडे एकच घोषणा, नोव्हेंबरमध्ये आम्ही लक्षात ठेवू. इंग्रजीत ते यमक जुळतं म्हणून जास्त चाललं.

बेव्हिन तिथे थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण तो बोलत गेला. शिक्षकांना स्वार्थी म्हणाला, गुंडांसारखी वृत्ती म्हणाला. आणि एप्रिलमध्ये शाळा बंद होत्या त्या दिवशी तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला की आज शाळा नाही म्हणून घरी एकट्या राहिलेल्या कुठल्या तरी मुलावर नक्की लैंगिक अत्याचार झाला असणार. म्हणजे त्याचं खापर शिक्षकांवर. दोन दिवसांनी माफी मागितली पण ते बोलणं कोणी विसरलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या शेजारची आजी, आयुष्यभर रिपब्लिकनला मत दिलेली, तिची सून शिक्षिका, ती मला गेटवर म्हणाली की हे मी त्याला कधीच माफ करणार नाही. मला तेव्हा मत नव्हतं, मी सिटिझन नव्हते, नुसती बघत होते.

आणि ते बिल कोर्टात गेलं. कोर्टात नेलं कोणी, तर राज्याचा ॲटर्नी जनरल अँडी बेशिअरनी. तो डेमोक्रॅट. इथे ॲटर्नी जनरल पण लोक वेगळा निवडतात, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि सरकारचा वकील दुसऱ्या पक्षाचा असं होऊ शकतं. डिसेंबर २०१८ ला केंटकीच्या सुप्रीम कोर्टाने सगळ्या न्यायाधीशांच्या एकमताने तो कायदा रद्द केला, कारण राज्यघटनेत लिहिलंय की प्रत्येक बिलाचं तीन वेगवेगळ्या दिवशी वाचन झालं पाहिजे, आणि वाचन झालं होतं ते सांडपाण्याचं! मग हाच बेशिअर २०१९ ला बेव्हिनच्या विरोधात उभा राहिला आणि जोडीला लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) म्हणून जॅकलीन कोलमन घेतली, ती शाळेची असिस्टंट प्रिन्सिपल.

निकाल असा. बेशिअर ७,०९,८९०, बेव्हिन ७,०४,७५४. फरक ५,१३६. मतदानाच्या आदल्या रात्री लेक्सिंग्टनला स्वतः ट्रम्पनी सभा घेतली होती तरी. बेव्हिनने लगेच हार मानली नाही, गडबड झालीय म्हणाला, मतांच्या बेरजा पुन्हा तपासून घेतल्या, १४ नोव्हेंबरला त्यातही काही बदललं नाही तेव्हा मान्य केलं.

---

चिपळूण_हायस्कूल

ताईंनी फार छान सांगितलं, पण गुरुजी मला यात थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कारण आपण शिक्षक लोक अशा गोष्टीवर पटकन विश्वास ठेवतो आणि नंतर आपलाच हिरमोड होतो.

त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, केंटकीत राज्यभरातून निवडायची बाकीची जी पदं होती, ॲटर्नी जनरल वगैरे, ती सगळी रिपब्लिकननी जिंकली. एकटा गव्हर्नर हरला. म्हणजे लोकांनी पक्ष नाकारला नाही, माणूस नाकारला. मे २०१९ मध्ये त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या निवडणुकीत, म्हणजे उमेदवारी ठरते ती, पदावर असून त्याला जेमतेम ५२ टक्के मिळाले होते. तेव्हाच घरचे नाराज आहेत हे दिसत होतं. पेन्शन हे एक कारण, पण गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला, मेडिकेडला, कामाची अट लावायला तो निघाला होता तेही होतं.

दुसरं, तिसऱ्या उमेदवाराकडे बघा. लिबर्टेरियन पक्षाच्या जॉन हिक्सना २८,४३३ मतं पडली. फरक ५,१३६ चा! आता मी हायस्कूलला आहे त्यामुळे मला कोकण शिक्षक मतदारसंघात मत आहे (गुरुजी तुम्ही प्राथमिकचे, तुम्हाला तिथे मत नाही, आणि हे मला कायम चुकीचं वाटत आलंय, शिक्षक मतदारसंघ म्हणायचं आणि पहिली ते सातवी शिकवणाऱ्याला बाहेर ठेवायचं). तिथे आपण त्या जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. कोणालाच कोटा (जिंकायला लागणारी मतं) मिळाला नाही तर शेवटच्याला बाद करून त्याची मतं दुसऱ्या पसंतीला जातात. केंटकीत हे असतं तर हिक्सच्या २८ हजारांची दुसरी पसंती मोजली गेली असती आणि निकाल काय लागला असता हे छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. तिथे आपल्या लोकसभा विधानसभेसारखं, एक मत जास्त तो आला. जॉर्जियात मात्र ५० टक्क्यांच्या वर कोणी गेला नाही तर पुन्हा मतदान घेतात, म्हणजे अमेरिकेतसुद्धा राज्याराज्यात नियम वेगळा.

आणि विद्यमान माणूस पडणं आपण इथेही बघितलंय. जानेवारी २०२३ ला आमच्याच कोकण शिक्षकमध्ये विद्यमान आमदार बाळाराम पाटील हरले, ज्ञानेश्वर म्हात्रे आले. जुनी पेन्शन तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी होती. म्हणून म्हणतो, एका कारणाने कोणी पडत नाही.

---

मालवणची_लुईव्हिलात

चिपळूणचे सर, तुमचं म्हणणं मला निम्मं पटतं. माणूस नाकारला हे बरोबरच. पण माणूस नाकारला म्हणजे काय, तो ज्यांच्याशी तसा वागला ते कोण होते? शिक्षकच ना. आणि तुम्ही एक आकडा सोडलात. २०१५ ला मतदान साधारण ३० टक्के झालं होतं, २०१९ ला ४० च्या वर गेलं. ते वाढलेले लोक कुठून आले? आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी दोघी दोघी शिक्षिका दारं ठोठावत होत्या, हातात यादी, कोणाच्या घरी कोणाला मत आहे ते पाठ.

आणि बालेकिल्ल्यातल्या रिपब्लिकन शिक्षकांचं काय ते पण ऐका. मे २०१८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्याच आतल्या निवडणुकीत पेन्शन बिल लिहिणाऱ्यांपैकी एक, विधानसभेतला बहुमताचा नेता जोनाथन शेल, त्याला ट्रॅव्हिस ब्रेंडा नावाच्या हायस्कूलच्या गणिताच्या मास्तरनी हरवला. १२३ मतांनी. खेड्यातला मतदारसंघ. तिथे डेमोक्रॅटचा काही संबंधच नव्हता.

---

देवगडकर

मध्येच घुसतो. यात विस्कॉन्सिनचं पण बघा, ते मला जास्त जवळचं वाटतं. स्कॉट वॉकर म्हणून गव्हर्नर, त्याने २०११ ला कायदा करून सरकारी कर्मचाऱ्यांच्या, त्यात शिक्षक आले, युनियननी सरकारशी बसून वाटाघाटी करायचा हक्क जवळजवळ काढूनच घेतला. लोक इतके चिडले की सह्या गोळा करून २०१२ ला त्याला मध्येच परत बोलावण्याची निवडणूक लावली, आणि तो ती जिंकला! परत बोलावण्यातून वाचलेला अमेरिकेतला पहिला गव्हर्नर. २०१४ ला परत जिंकला. म्हणजे शिक्षक चिडले की गव्हर्नर पडतोच असं नाही. शेवटी तिसऱ्या टर्मला २०१८ मध्ये पडला, आणि कोणाकडून, तर टोनी एव्हर्स, जो राज्याचा शिक्षण खात्याचा निवडून आलेला प्रमुख, मूळचा मास्तर. फरक तीस हजारांच्या आत, १.१ टक्का. आणि वॉकरनेच आधीच्या वर्षी कायदा केला होता की फरक एक टक्क्याच्या आत असेल तरच फेरमोजणी मागता येईल. स्वतःच्याच कायद्यामुळे त्याला मागता आली नाही.

सात वर्षं लागली गुरुजी. मधे दोनदा हरून.

---

लांज्याचे_गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री शाळेची माहिती ऑनलाईन भरून झाल्यावर सगळं दोनदा वाचलं. गणिताच्या मास्तरचं वाचून खरं सांगतो अंगावर काटा आला.

पण एक गोष्ट मनात घर करून राहिली ती म्हणजे त्या शिक्षिका शनिवारी दारोदार जात होत्या ती. आम्हाला ते जमणार नाही. वर्तणूक नियम आहेत, प्रचार करता येत नाही, आणि उलट निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आम्हीच बसलेले असतो, बीएलओ म्हणून याद्या पण आम्हीच करतो. मी आजवर सहा निवडणुकांना ड्युटी केली, एकदा राजापूर तालुक्यात सड्यावरच्या वाडीत, रात्री मशीन जमा करून घरी यायला पहाटेचे चार. मला त्याचा अभिमान आहे आणि शिक्षकाने केंद्रावर निष्पक्ष बसायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग आमचा राग मतपेटीपर्यंत पोचवायचा कसा, पोस्टल मताच्या एका पाकिटातून? घरच्यांशी बोलून? ताई, तिकडचे शिक्षक सरकारी नोकर असून प्रचार कसे करतात?

आणि माझा शेवटचा प्रश्न राहिलाच, पदरात काय पडलं.

---

मालवणची_लुईव्हिलात

गुरुजी, शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या ईमेलवरून, शाळेच्या पैशातून काही करायचं नाही, पण सुट्टीच्या दिवशी, आपल्या वेळेत ते साधे नागरिक. दारात पाटी लावू शकतात, उमेदवारासाठी फिरू शकतात, स्वतः उभे राहू शकतात. तरी भीती नव्हती असं नाही हां. २०१९ ला परत आजारपणाच्या रजा टाकून शाळा बंद पडल्या तेव्हा सरकारच्या कामगार खात्याने शाळांकडून रजा घेतलेल्यांची नावं मागवली होती. शेवटी दंड कोणाला केला नाही, पण नावं मागवली म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा आलाच.

आता पदरात काय. पहिल्याच दिवशी, १० डिसेंबर २०१९, बेशिअरनी राज्याचं अख्खं शिक्षण मंडळ बदललं. बेव्हिनने नेमलेले सगळे गेले. पण पगाराचं ऐका. प्रत्येक शिक्षकाला वर्षाला २,००० डॉलर वाढ देणार असं तो प्रचारात म्हणाला होता, बजेटमध्ये मांडलं पण. विधिमंडळाने दिली नाही. कारण विधिमंडळ रिपब्लिकन, दोन्ही सभागृहं, मोठ्या बहुमताने. आणि केंटकीत गव्हर्नरने व्हेटो केला, म्हणजे बिल नाकारलं, तरी तो मोडायला दोन तृतीयांश लागत नाहीत, एकूण सदस्यांपैकी साधं बहुमत पुरतं. त्यामुळे हा व्हेटो करतो आणि ते मोडतात, असं वर्षानुवर्षं चाललंय.

म्हणजे पेन्शन वाचली ती कोर्टामुळे, गव्हर्नर बदलला शिक्षकांमुळे (सर, आता तरी मान्य करा!), पण पगार अडकला तो विधिमंडळात. शिक्षकांनी एक दार उघडलं, दुसरं बंदच होतं.

तरी २०२३ ला बेशिअर परत उभा राहिला, आता तो खुर्चीवरचा. समोर डॅनियल कॅमेरॉन, २०१९ ला ॲटर्नी जनरल झालेला तोच. बेशिअर ५२.५ टक्के मतं घेऊन जिंकला, फरक ६७ हजारांच्या आसपास, ५ हजारांवरून. शिक्षकांमुळे एकट्याने नाही झालं ते. कोविडमध्ये रोज संध्याकाळी पाचला तो टीव्हीवर यायचा, डिसेंबर २०२१ ला मेफिल्ड गाव टोर्नेडोत, म्हणजे जमिनीवरच उठणाऱ्या प्रचंड वावटळीत, सपाट झालं, जुलै २०२२ ला पूर्वेकडच्या डोंगरात पूर आले, तिथे लोकांनी त्याला पाहिला. निसर्ग, तौक्ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, छप्पर उडाल्यावर दारात कोण आलं हे माणूस मरेपर्यंत लक्षात ठेवतो. या वेळी मला मत होतं. शाळेच्या जिममध्ये केंद्र, सहा ते सहा मतदान, आणि टेबलावर यादी घेऊन बसलेली बाई निवृत्त शिक्षिका. माका आमच्या मालवणच्या शाळेची आठवण इली.

---

चिपळूण_हायस्कूल

ताई, मतदान वाढल्याचा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. शिक्षकांशिवाय तो पडला नसता, हे मी आता मानतो. फक्त शिक्षकांनी पाडला, हे अजून नाही मानत.

गुरुजी, तुमच्या घरच्यांशी बोलण्याच्या प्रश्नाबद्दल. नियम तुम्हाला आहेत, निवृत्तांना नाहीत. आमच्या तालुक्यात निवृत्त शिक्षक किती आहेत ते मोजा एकदा, प्रत्येक वाडीत एक तरी आहे, आणि त्यातले बहुतेक जुन्या पेन्शनवाले. ज्यांना मिळतेय त्यांनी ज्यांना नाही त्यांच्यासाठी फिरायला काय हरकत आहे?

---

गुहागर_तलाठी_निवृत्त

मी आहे. आबलोली ते वेलदूर मी बघतो, पावसाळा संपू दे.

---

लांज्याचे_गुरुजी

काका, पाया पडतो. पुढच्या शिक्षण परिषदेत त्या दोन सरांना सांगायला आता माझ्याकडे सगळं आहे. सांडपाण्याच्या बिलाची गोष्ट आधी सांगतो, तीन दिवस तीन वाचनं ती. आणि काका, वेलदूरला माझे एक जुने मुख्याध्यापक राहतात, ८४ वर्षांचे, त्यांच्याकडे आधी जा, त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. मी त्यांना आजच फोन करून ठेवतो.